धर्मग्रामाच्या फायनान्स कमिटीवर नाव आलं, आता काय करायचं?

रविवारच्या मिस्सेनंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) फादर धर्मग्रामाच्या, म्हणजे पॅरिशच्या, नवीन फायनान्स कमिटीची नावं वाचतात आणि त्यात तुमचं नाव निघतं. घरी पोचेपर्यंत दोघं अभिनंदन करतात आणि तिसरा हॉलचं भाडं कमी करायला सांगतो. कमिटीला नेमका काय अधिकार आहे, हे त्या तिघांना ठाऊक नसतं आणि बहुतेक वेळा तुम्हालाही नसतं. काम तिथूनच सुरू करायचं.

इथे लिहिलेलं मुख्यतः वसई आणि मुंबई भागातल्या धर्मग्रामांना धरून आहे. कॅनन लॉचा, म्हणजे चर्चच्या स्वतःच्या कायद्याचा, भाग सगळीकडे सारखाच आहे, पण ट्रस्ट कायद्याचा भाग महाराष्ट्राचा आहे. गोव्यात फाब्रिक (चर्चची मालमत्ता सांभाळणारी मंडळं) आणि कोंफ्रारींची (बंधुसंघांची) परंपरा वेगळी, नियमही वेगळे. तिथल्या वाचकांनी तो भाग तसाच्या तसा उचलू नये.

अधिकार किती

१९८३च्या कॅनन लॉमधलं कलम ५३७ सांगतं की प्रत्येक धर्मग्रामाला फायनान्स कौन्सिल, म्हणजे आपली फायनान्स कमिटी, असलीच पाहिजे. पॅरिश कौन्सिलचं तसं नाही. कलम ५३६प्रमाणे बिशपांना योग्य वाटलं तर ती नेमली जाते, आणि तिचं मत फक्त सल्ल्याचं. म्हणजे फादरांना पॅरिश कौन्सिल नको असेल तर बिशपांच्या नियमांवर अवलंबून आहे, फायनान्स कमिटी नको असली तरी ठेवावीच लागते. व्हॅटिकनने २०२०मध्ये धर्मग्रामांविषयी काढलेल्या सूचनापत्रात तिचे किमान तीन सभासद असावेत असं म्हटलं आहे. तुमच्या कमिटीत फादर, त्यांचा अकाउंटंट आणि कधीच न येणारं एक नाव एवढंच असेल तर पहिली सूचना तीच करा.

अध्यक्ष प्रमुख धर्मगुरूच. कलम ५३२प्रमाणे कायद्याच्या सगळ्या कामांत धर्मग्रामाच्या वतीने तेच उभे राहतात. तुम्ही सल्ला द्यायचा, निर्णय त्यांचा.

वसईत इथेच घोळ होतो. आपल्याकडे सहकाराची जुनी सवय आहे. बॅसीन कॅथॉलिक बँक १९१८ची, पतपेढ्या गावोगावी, आणि कमिटीवर येणाऱ्यांपैकी एखादा कुठल्या ना कुठल्या पतपेढीचा आजी-माजी संचालक असतोच. त्याला ताळेबंद वाचता येतो, ही मोठी जमेची बाजू. पण तो ठराव मांडतो, हात वर करायला लावतो, पाच विरुद्ध दोन असं मोजतो आणि फादरांनी वेगळं ठरवलं की राजीनामा देतो. इथे बहुमताने फादरांना बांधता येत नाही. पतपेढीचा माणूस कमिटीला हवाच, फक्त पतपेढीचा पोटनियम घरी ठेवून यायला हवा.

मग सल्ल्याला किंमत काय? बरीच आहे, पण कागदावर आली तरच. कलम १२७ सांगतं की कायद्याने जिथे सल्ला घेणं आवश्यक केलं आहे, तिथे तो न घेता केलेली कृतीच अवैध ठरते. कोणत्या रकमेच्या वर कमिटीला विचारलंच पाहिजे, कोणत्या रकमेच्या वर बिशपांची लेखी परवानगी लागते, हे आपापल्या धर्मप्रांताच्या नियमांत असतं. ती पुस्तिका किंवा परिपत्रक मागून घ्या आणि रकमा एका कागदावर लिहून फाइलच्या पहिल्या पानाला लावा. पुढच्या तीन वर्षांतले निम्मे वाद त्या कागदावर मिटतील.

धर्मप्रांताच्या पातळीवर प्रापंचिकांचा (धर्मगुरू नसलेल्या श्रद्धावंतांचा) शब्द आणखी जड आहे. बिशपांच्या फायनान्स कौन्सिलवर (कलम ४९२) अर्थव्यवहार आणि दिवाणी कायदा जाणणारे सभासद पाच वर्षांसाठी नेमले जातात. नेहमीच्या कारभाराबाहेरच्या व्यवहारांना (कलम १२७७) त्या कौन्सिलचा नुसता सल्ला पुरत नाही, संमती लागते. तिथे सी.ए. किंवा वकील असलेला प्रापंचिक "नाही" म्हणाला आणि बाकीचेही तसेच म्हणाले, तर बिशपांना तो व्यवहार पुढे नेता येत नाही.

पहिल्या महिन्यात मागायची कागदपत्रं

पहिल्या मीटिंगला मतं घेऊन जाऊ नका, यादी घेऊन जा. ट्रस्टचं नोंदणी प्रमाणपत्र आणि शेड्यूल एकचा (धर्मादाय कार्यालयातल्या ट्रस्टच्या नोंदीचा) उतारा. धर्मग्राम स्वतंत्र ट्रस्ट आहे की धर्मप्रांताच्या ट्रस्टखाली येतो, हे त्यावरून कळतं, आणि पुढची जवळजवळ सगळी उत्तरं त्यावर अवलंबून असतात. पॅन कार्ड. आयकराच्या नोंदणीचा चालू आदेश, मुदत कधी संपते त्यासह. मागच्या तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट. सगळ्या बँक खात्यांची आणि मुदत ठेवींची यादी, सह्या कोणाच्या ते लिहून. जमिनींचे सातबारे आणि मालमत्ता पत्रकं. विम्याची पॉलिसी. स्थावर-जंगम वस्तूंची यादी, म्हणजे चांदीचे चषक, जुन्या मूर्ती, ऑर्गन, जनरेटर, सगळं.

ही वस्तूंची यादी कलम १२८३ने सक्तीची केली आहे, आणि बऱ्याच ठिकाणी नसते ती हीच. दोघांनी मिळून एक शनिवार काढा. प्रत्येक वस्तूचा मोबाइलवर फोटो, मागे फूटपट्टी, चांदीच्या वस्तूचं वजन, कुठे ठेवली आहे ती जागा. एक प्रत धर्मग्रामात, एक बिशप हाउसमध्ये. उद्या चोरी झाली तर पोलीस आणि विमा कंपनी दोघंही पहिल्यांदा फोटो मागतात.

सातबारे नीट वाचा. वसई धर्मप्रांत १९९८ साली मुंबई महाधर्मप्रांतातून वेगळा झाला. त्याआधीच्या जमिनींवर मालकाच्या रकान्यात कोणाचं नाव आहे, त्यानंतरचा फेरफार झाला आहे का, गावातल्या क्रुसाची जागा कोणाच्या नावे आहे, हे बघा. क्रुसाची जागा एखाद्या कुटुंबाने शंभर वर्षांपूर्वी तोंडी दिलेली आणि उतारा अजून त्याच कुटुंबाच्या नावे, हे आपल्याकडे नवीन नाही. रस्ता रुंदीकरणाची नोटीस येते तेव्हा ती त्या कुटुंबाच्या वारसांना येते.

रविवारची थैली

धर्मग्रामाच्या कारभारावर लोकांचा विश्वास बसतो किंवा उडतो तो थैलीच्या, म्हणजे मिस्सेत गोळा होणाऱ्या दानाच्या, टेबलावर. म्हणून हा भाग सावकाश वाचा.

मिस्सा संपली की थैल्या सॅक्रिस्टीत (फादरांच्या तयारीच्या खोलीत) उघड्या ठेवायच्या नाहीत. एका मोठ्या पिशवीत टाकायच्या, नंबर असलेलं प्लॅस्टिकचं सील लावायचं आणि नंबर वहीत लिहून दोघांनी सही करायची. ही सीलं स्वस्त मिळतात. सकाळच्या तिन्ही मिस्सांच्या पिशव्या ऑफिसच्या तिजोरीत. मोजणी एकदाच, शेवटच्या मिस्सेनंतर.

मोजायला तिघं हवेत. एकमेकांचे नातेवाईक नकोत, नवरा-बायकोही नकोत. ऑफिसमध्ये हिशेब लिहिणारी व्यक्ती मोजणीत नको, कारण जो मोजतो त्यानेच वही लिहिली तर चूक पकडणारं कोणी उरत नाही. दर महिन्याला जोड्या बदला. वर्षानुवर्षं तेच तिघं मोजत असतील तर ते प्रामाणिक असले तरी लोक कुजबुजतात, आणि ते थांबवणं त्यांच्या हातात राहत नाही.

मोजणीची चिठ्ठी अशी दिसली पाहिजे:

₹५०० × १४ = ७,०००
₹२०० × १९ = ३,८००
₹१०० × ८६ = ८,६००
₹५० × ११२ = ५,६००
₹२० × १४० = २,८००
₹१० × ३२५ = ३,२५०
नाणी = १,४३५
एकूण ₹३२,४८५

खाली तारीख, सीलचे नंबर, तिघांच्या सह्या. चिठ्ठी दोन प्रतींत, एक पैशांबरोबर बँकेत जाणाऱ्याकडे, दुसरी कमिटीच्या फाइलला. सोमवारी बँकेच्या स्लिपवर ₹३२,४८५ हाच आकडा आला पाहिजे, एक रुपयाही कमी-जास्त नाही.

आता नेहमीची गडबड. मोजणी चालू असताना कोणीतरी येतं, "कॉयरच्या चहाचे सहाशे द्या, सोमवारी बघू." सहाशे दिले की बँकेत ₹३१,८८५ जातात. धर्मग्रामाचं उत्पन्न सहाशेने कमी दिसतं, चहाचा खर्च कुठेच दिसत नाही आणि चिठ्ठी बँकेशी जुळत नाही. वर्षभर दर रविवारी असं झालं तर ऑडिटरसमोर तीस हजारांच्या वर रकमेचा खुलासा करावा लागेल, आणि पैसे खरंच चहालाच गेलेले असतील. उपाय साधा आहे. किरकोळ खर्चासाठी पाच किंवा दहा हजारांची वेगळी पेटी ठेवा, प्रत्येक खर्चाला व्हाउचर, पेटी संपत आली की चेकने भरा. थैलीतून कोणालाही काही नाही. फादरांनाही नाही.

क्यूआर कोड आता प्रत्येक दारावर असतो. तो ट्रस्टच्या खात्यालाच जोडलेला आहे ना, हे स्वतः एक रुपया पाठवून बघा आणि पलीकडे कोणाचं नाव येतं ते वाचा. नंतर दर महिन्याला असंच. कोडवर दुसरं स्टिकर चिकटवून पैसे वळवणं फार सोपं असतं. कोड काचेच्या आत लावलेला बरा.

पाकिटं वेगळी उघडा. मिस्सा इंटेंशनचे (कोणासाठी तरी मिस्सा अर्पण करायला दिलेले) पैसे धर्मग्रामाचं उत्पन्न नसतात. त्यांची वही कलम ९५८ने सांगितलेली, ती फादर ठेवतात. तुम्ही फक्त रक्कम वेगळी करून त्यांच्याकडे द्यायची. मिशन रविवार, गुड फ्रायडेला पवित्र भूमीसाठी होणारी वर्गणी, पोपमहोदयांसाठीची जून महिन्यातली वर्गणी, हे पैसेही तुमच्याकडे फक्त मुक्कामाला असतात. ते ताळेबंदात देण्याच्या बाजूला दिसले पाहिजेत आणि महिन्याभरात बिशप हाउसला गेले पाहिजेत. छप्पर गळतंय म्हणून "तात्पुरते" वापरलेले मिशन रविवारचे पैसे परत भरायला कोणालाच आठवत नाही.

नाव लिहून दिलेलं दान

कोणी तीन लाख देतं आणि म्हणतं, "आईच्या स्मरणार्थ नवी घंटा." कलम १२६७प्रमाणे ते पैसे घंटेलाच. जनरेटर बंद पडला तरी घंटेच्या पैशांतून दुरुस्ती नाही. म्हणून दान घेतानाच दात्याकडून एक लेखी ओळ घ्या: कशासाठी, आणि काम झालं नाही किंवा पैसे उरले तर काय करायचं. ही दुसरी ओळ कोणी लिहून घेत नाही. घंटा दोन लाख चाळीस हजारांत येते, साठ हजार उरतात, तोवर दाता वारलेला असतो आणि त्याच्या तीन मुलांची तीन मतं असतात.

रक्कम कायम ठेवून फक्त व्याज वापरायचं असेल तर "कॉर्पस" हा शब्द दात्याच्या पत्रात हवा. नंतर कमिटीने ठराव करून ते कॉर्पस होत नाही.

आयकराच्या हिशेबाने ट्रस्टने वर्षाच्या उत्पन्नाचे ८५ टक्के त्याच वर्षी कामाला लावायचे असतात. चर्चच्या नव्या इमारतीसाठी पाच वर्षं पैसे साठवायचे असतील तर तसा अर्ज कारणासह मुदतीत भरावा लागतो. मुदत ठेवी वाढताना बघून सगळे खूश असतात आणि अर्ज राहून जातो. १ एप्रिल २०२६पासून आयकर कायदा, २०२५ लागू झाला आणि कलमांचे आणि अर्जांचे जुने क्रमांक बदलले, तेव्हा जुन्या फाइलवरून नक्कल करू नका, सी.ए.ला विचारा. ऐंशी-जीच्या (दात्याला आयकरात सवलत देणाऱ्या) पावतीबद्दलही लोक हमखास विचारतात. निव्वळ धार्मिक कामाच्या ट्रस्टला ती सवलत साधारणपणे मिळत नाही. नाही तर नाही, स्पष्ट सांगा. शाळेच्या ट्रस्टची पावती चर्चच्या दानाला फाडून द्यायचा "उपाय" कोणीतरी सुचवेल, तो गुन्हा आहे.

एका माणसाकडून एका दिवसात, किंवा एकाच कारणासाठी, दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायची नाही. लिलावाच्या रात्री सणाच्या मंडपात हा नियम हटकून मोडतो. देतानाही एका व्यक्तीला एका दिवसात दहा हजारांच्या वर रोख दिली तर तो खर्च आयकरात धरला जात नाही. मंडपवाला, बँडवाला आणि केटरर यांना आधीच सांगून ठेवा.

सण कमिटीचं वेगळं खातं कोणाच्या वैयक्तिक नावावर असेल तर ते बंद करा. वर्षाला आठ-दहा लाख फिरतात, ते त्या माणसाच्या पॅनवर दिसतात आणि नोटीस त्याला येते. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचं मात्र वेगळं समजा. १८३३ साली पॅरिसमध्ये विद्यार्थ्यांनी सुरू केलेली ती प्रापंचिकांची स्वतंत्र संस्था आहे, तिचा हिशेब तिच्या वरिष्ठ शाखेकडे जातो. तिचे पैसे धर्मग्रामाच्या खात्यात ओढू नका.

परदेशातून आलेले पैसे

आपली मुलं आखातात, इस्रायलमध्ये, कॅनडात. चर्चच्या कामाला ती मनापासून देतात आणि इथेच धर्मग्राम नकळत अडकतो. कसोटी पैसे कुठून आले ही नाही, देणारा कोणत्या देशाचा नागरिक आहे ही आहे. भारतीय पासपोर्ट असलेला मुलगा दुबईहून स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवतो, ते परदेशी योगदान धरलं जात नाही. त्याच्या पासपोर्टची प्रत मात्र पावतीला जोडा. त्याच्या बहिणीने कॅनडाचं नागरिकत्व घेतलं असेल तर ती ओ.सी.आय. (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं) कार्ड दाखवो किंवा न दाखवो, तिचं दान परदेशी योगदान. एफ.सी.आर.ए. (परदेशी योगदानाच्या कायद्याखालची) नोंदणी असल्याशिवाय ते घेता येत नाही, आणि नोंदणी असली तरी ते स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खास खात्यातच आलं पाहिजे. ती सुट्टीवर आली आणि वसईतल्या एटीएममधून रुपये काढून दिले, तरी उत्तर तेच. २०२०च्या दुरुस्तीनंतर असं योगदान एका संस्थेने दुसरीला देणंही बंद झालं आहे, त्यामुळे "बिशप हाउसच्या खात्यावर मागवा, ते आपल्याला देतील" ही जुनी वाट आता नाही.

मीटिंग आणि मिनिट्स

वर्षाला चार मीटिंगा तरी हव्यात: फेब्रुवारीत बजेट, जूनमध्ये मागच्या वर्षाचे आकडे, सप्टेंबरआधी ऑडिट, डिसेंबरात सणासुदीचा अंदाज. सार्वजनिक ट्रस्टचं बजेट आर्थिक वर्ष सुरू होण्याच्या महिनाभर आधी धर्मादाय कार्यालयाला द्यायचं असतं, म्हणून फेब्रुवारी. आकडे मीटिंगच्या किमान पाच दिवस आधी हातात मागा. टेबलावर वाटलेला चार पानी हिशेब वीस मिनिटांत कोणालाही कळत नाही, सगळे मान डोलावतात.

मिनिट्स बहुतेक ठिकाणी अशी असतात: "छताच्या कामाबद्दल फादरांनी माहिती दिली. चर्चा झाली. सर्वांनी मान्य केलं." यातून पाच वर्षांनी काहीही कळणार नाही. अशी लिहा:

"चर्चच्या पश्चिमेकडच्या छताची गळती. तीन कोटेशनं: ₹४,१०,०००, ₹४,६५,००० आणि ₹५,२०,०००. पहिल्यात वॉटरप्रूफिंगची हमी नाही, दुसऱ्यात पाच वर्षांची लेखी हमी. चार सभासदांचा सल्ला दुसऱ्याच्या बाजूने. एका सभासदाचं मत काम पावसाळ्यानंतर करावं असं. प्रमुख धर्मगुरूंनी दुसरं कोटेशन स्वीकारलं. रक्कम दुरुस्ती निधीतून. धर्मप्रांताची लेखी परवानगी आल्यावरच आगाऊ रक्कम देणे."

वेगळं मत लिहिलं म्हणजे भांडण होत नाही. उलट मत लिहिलेलं असलं की माणूस बाहेर जाऊन बोलत नाही. फादरांनी सल्ल्याविरुद्ध निर्णय घेतला तर तोही कारणासह लिहा.

कोटेशन देणाऱ्यांपैकी कोणी सभासदाचा नातेवाईक असेल तर त्याने सांगायचं, बाहेर जायचं आणि तो बाहेर गेल्याचं मिनिट्समध्ये लिहायचं. कॅनन लॉचं कलम १२९८ तर सांगतं की कारभार पाहणाऱ्याला स्वतःला किंवा त्याच्या चौथ्या पायरीपर्यंतच्या नात्यात, म्हणजे सख्ख्या चुलत-मावस-आते-मामे भावंडांपर्यंत, धर्मग्रामाची मालमत्ता विकायला किंवा भाड्याने द्यायला बिशपांची खास लेखी परवानगी लागते. गाव लहान, सगळेच कोणाचे ना कोणाचे लागतात, म्हणून हा नियम हसण्यावारी नेला जातो.

कंत्राटदाराचं एक बिल ₹३०,०००च्या वर किंवा वर्षभराची बिलं मिळून ₹१,००,०००च्या वर गेली की टी.डी.एस. (बिलातूनच कापून भरायचा आयकर) कापायचा, व्यक्तीला १ टक्का, कंपनीला २. आधी पूर्ण रक्कम देऊन नंतर कंत्राटदाराकडे टी.डी.एस. मागायला जाणं म्हणजे ती रक्कम धर्मग्रामाच्या खिशातून जाणं.

जमीन, भाडं, कर्ज

जमिनीच्या प्रत्येक व्यवहाराला दोन दारं ओलांडायची: बिशपांचं आणि धर्मादाय आयुक्तांचं. एकाची परवानगी दुसऱ्याला चालत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०च्या कलम ३६प्रमाणे स्थावर मालमत्ता विकणं, बदलणं, बक्षीस देणं याला आयुक्तांची पूर्वपरवानगी हवी. भाडेपट्टा शेतजमिनीचा १० वर्षांच्या वर आणि बिगरशेती जमिनीचा किंवा इमारतीचा ३ वर्षांच्या वर असेल तरी हवी. पाच वर्षांचा करार करून मोबाइल टॉवरला गच्ची देणं याच सापळ्यात सापडतं.

कर्जाचा नियम फारच कमी लोकांना ठाऊक आहे. कलम ३६-अ प्रमाणे ट्रस्टसाठी लोकांकडून कर्ज काढायलाही आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. नव्या चर्चसाठी धर्मग्रामातल्या शंभर कुटुंबांकडून "पन्नास हजार बिनव्याजी, तीन वर्षांनी परत" अशी योजना ऐकायला गोड असते. कायद्याच्या नजरेत ते ₹५० लाखांचं कर्ज आहे. शिवाय तीन वर्षांनी फादर बदललेले असतात आणि कुटुंबं नव्या फादरांच्या दारात उभी राहतात. पैसे हवे असतील तर दान मागा.

हॉलचं भाडं दिवसाला ₹१०,०००च्या खाली असेल तर धार्मिक ट्रस्टच्या आवारातल्या हॉलला जी.एस.टी.ची माफी आहे. दहा हजार आणि वर गेलं की ती माफी नाही आणि मग एकूण उलाढाल ₹२० लाखांच्या मर्यादेत बसते का ते बघावं लागतं. अभिनंदन करताना भाडं कमी करायला सांगणाऱ्याला द्यायला हे एक उत्तर हाताशी असू दे.

ठेवी एकाच बँकेत ठेवू नका. ठेव विमा एका ठेवीदाराला एका बँकेत, सगळ्या शाखा मिळून, ₹५ लाखांपर्यंतच असतो, आणि ट्रस्टचा पैसा कुठे गुंतवायचा हे ट्रस्ट कायद्याच्या कलम ३५ने ठरवून दिलं आहे. ओळखीच्या पतसंस्थेत दीड टक्का जास्त मिळतो हे कारण मिनिट्समध्ये शोभत नाही.

शाळा हा वेगळा संसार आहे. तिची फी, तिचं वेतनेतर अनुदान, तिची पालक-शिक्षक संघाची समिती, यातलं काहीही चर्चच्या वहीत यायला नको आणि चर्चचा रंग शाळेच्या फीतून लावायला नको. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०१३च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती हवी. अध्यक्ष महिला, निम्म्याहून कमी नाही इतक्या महिला, बाहेरचा एक सभासद. पगार सगळ्यांचे बँकेतून, किमान वेतनापेक्षा कमी नाही. घंटा वाजवणाऱ्या आणि बाग बघणाऱ्या माणसालाही हे लागू आहे.

पटलं नाही तर

आधी मीटिंगमध्ये बोला आणि लिहून घ्या. नंतर फादरांना एकट्याने भेटा. तरीही प्रश्न गंभीर वाटला, समजा दोन वर्षांचं ऑडिटच झालेलं नाही, तर फादरांना लेखी पत्र, प्रत डीनना (विभागाच्या प्रमुख धर्मगुरूंना) आणि धर्मप्रांताच्या फायनान्स ऑफिसरना. पत्रात विशेषणं नकोत, तारखा आणि रकमा हव्यात. कॅनन लॉच्या कलम २१२ने श्रद्धावंतांना आपलं मत धर्माधिकाऱ्यांना कळवण्याचा हक्कच नव्हे, काही वेळा कर्तव्यही दिलं आहे, आणि कलम १२८७प्रमाणे फादरांना दर वर्षी बिशपांकडे हिशेब द्यावाच लागतो. व्हॉट्सॲपच्या गटावर टाकलेल्या बँक स्टेटमेंटच्या फोटोने मात्र प्रश्न तुमच्याबद्दलचा होऊन बसतो.

एका बाबतीत ही पायरी-पायरीची वाट लागू नाही. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होणार असल्याचं कानावर आलं तर कमिटीने चौकशी करायची नाही, "आधी बिशपांना विचारू" म्हणायचं नाही. पॉक्सो कायद्याच्या कलम १९प्रमाणे थेट पोलिसांना कळवायचं, नाही तर कळूनही गप्प बसणारा स्वतः दोषी ठरतो.

ऑक्टोबर २०२४मध्ये रोमच्या सायनडच्या (बिशपांच्या महासभेच्या) अंतिम दस्तऐवजाने कायद्यातल्या या सल्लागार मंडळांना सक्तीचं करावं आणि ती खऱ्या अर्थाने चालावीत असा आग्रह धरला. फादरांशी बोलताना त्याचा आधार जरूर घ्या, पण मीटिंगमध्ये तो दस्तऐवज फडकवू नका. त्यापेक्षा वेळेवर आलेला जुळता हिशेब जास्त काम करतो.

फादर बदलतात तेव्हा

सर्वात जास्त नुकसान या महिन्यात होतं. निरोपसमारंभाची तयारी जोरात असते आणि कागद कोणी बघत नाही. जुने फादर असतानाच हे करून घ्या: बदलीच्या तारखेपर्यंतचा हिशेब आणि बँकांची शिल्लक दोघांच्या सहीने, रोख पेटी मोजून, वस्तूंची यादी ताडून, तिजोरीच्या किल्ल्या मोजून. थकलेली बिलं आणि तोंडी दिलेली आश्वासनं वेगळ्या कागदावर. "त्या कुटुंबाला कबरस्तानात जागा देतो म्हटलं होतं," हेही त्यात यावं.

आयकर पोर्टल, टी.डी.एस., नेट बँकिंग, सगळ्यांचे ओटीपी फादरांच्या मोबाइलवर येतात. ते फादर पालघरच्या डोंगरात रेंज नसलेल्या मिशनवर गेले आणि सप्टेंबरच्या ३० तारखेला ऑडिट रिपोर्ट अपलोड करायचा असेल, तर काय होतं ते सी.ए.ला विचारा. ऑफिससाठी धर्मग्रामाच्या नावाचं वेगळं सिमकार्ड घ्या, सगळे पोर्टल त्या नंबरला आणि ऑफिसच्या ईमेलला जोडा, आणि ते कार्ड फादर आणि एक सभासद अशा दोघांच्या माहितीत तिजोरीत ठेवा. डिजिटल सही मात्र व्यक्तीची असते, ती नव्याने काढावी लागते. विश्वस्त बदलत असतील तर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट.

लोकांपुढचा हिशेब

कलम १२८७ सांगतं की श्रद्धावंतांनी दिलेल्या दानाचा हिशेब श्रद्धावंतांना द्यायचा. एका पानात बसवा आणि नोटीस बोर्डावर लावा, मिस्सेत भराभर वाचून दाखवू नका. डावीकडे जमा: थैली, दान, सण, हॉल, व्याज. उजवीकडे खर्च: पगार, वीज, दुरुस्ती, गरिबांना मदत, धर्मप्रांताचा वाटा. शेजारी मागच्या वर्षाचे आकडे. खाली तीन ओळी वेगळ्या: घंटेसाठी, कबरस्तानासाठी असे राखून ठेवलेले निधी, बिशप हाउसला पाठवलेल्या वर्गण्या, आणि देणी. ही खालची ओळ टाळायचा मोह होतो. ती असली की उरलेला कागद लोक खरा मानतात. दात्यांची नावं आणि रकमा लावू नका. मदत घेणाऱ्या कुटुंबांची तर नाहीच.

मुदत संपली की बँकेतली तुमची सही काढल्याचं पत्र हातात घ्या, मोजणीच्या चिठ्ठ्यांची फाइल आणि तिजोरीची किल्ली नव्या माणसाला सहीने द्या, फोनवरचे स्टेटमेंटचे फोटो पुसून टाका. मग कॉयरच्या चहाचे पैसे मागायला कोणी आलं तर नव्या माणसाकडे पाठवा.